बाजाराची वाट

मक्केहून मदिनेला आलेल्या मुहाजिरांची एक गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा जोडून दिला. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना भाऊ म्हणून लाभले हजरत सअद बिन रबीअ (रजि.). सअद मदिनेतले सधन गृहस्थ. त्यांनी आपल्या मालमत्तेचा निम्मा हिस्सा या नव्या भावापुढे ठेवला. अब्दुर्रहमान यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली, हिस्सा नम्रपणे नाकारला आणि एवढेच विचारले की इथला बाजार कुठल्या बाजूला आहे. मग ते पनीर आणि तुपाचा व्यापार करू लागले. काही दिवसांतच त्यांचा निकाह झाला आणि वलीमाही झाला.

ही गोष्ट सांगताना आपण बहुधा सअद यांच्या दानतीपाशी थांबतो. ते योग्यच आहे. पण गोष्टीचा दुसरा भागही तितकाच मोलाचा आहे. घरदार सोडून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री भाकरी आणि छप्पर हवे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बाजाराची वाट हवी असते. मदिनेत ती वाट मोकळी होती. तिथे जायला अब्दुर्रहमान यांना कोणाचा पास काढावा लागला नाही.

आज जगात ही वाट किती जणांना मोकळी आहे? निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तंबूंची रांग येते. प्रत्यक्षात आज बहुसंख्य निर्वासित शहरांत राहतात, आणि साधारण दोन तृतीयांश निर्वासित आपल्या देशाला लागून असलेल्या देशातच आसरा घेतात. युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचणारे थोडे. बाकीचे शेजाऱ्याच्या दारात असतात. भाड्याच्या खोलीत, दुकानाच्या माळ्यावर, दोन-तीन कुटुंबांत वाटून घेतलेल्या घरात. या महिन्यात आपण अशाच एका वस्तीत जाऊ. सोमालियातून निघालेली माणसे केनियाच्या राजधानीत, नैरोबीत, कशी रुजली ते पाहू.

ईस्टली नावाची वस्ती

नैरोबीच्या मध्यभागापासून पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर ईस्टली आहे. नैरोबी शहर वसले ते १८९९ मध्ये, मोंबासाहून आत जाणाऱ्या रेल्वेचा तळ म्हणून. तो लोहमार्ग टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांहून जास्त मजूर नेले. मागोमाग व्यापारी आणि कारागीर गेले. आपल्या कोकणातलीही काही मुस्लिम कुटुंबे त्या काळात पूर्व आफ्रिकेत पोटापाण्यासाठी गेली.

इंग्रजी अमलात गोरे, आशियाई आणि आफ्रिकी यांच्या वस्त्या वेगवेगळ्या ठेवलेल्या होत्या. ईस्टली आली आशियाई आणि सोमाली लोकांच्या वाट्याला. हिंदी कुटुंबांनी तिथे मध्ये अंगण ठेवून घरे बांधली, दुकाने थाटली. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. त्यानंतर हिंदी मंडळी हळूहळू पार्कलँड्ससारख्या भागांत राहायला गेली. सोमाली मात्र राहिले. हे सोमाली केनियाचेच, कारण देशाचा ईशान्य भाग सोमाली भाषिकांचा आहे. भाषा एक, धर्म एक, मध्ये इंग्रजांनी आखलेली सरहद्द. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

नैरोबीची बोली स्वाहिली. तिच्यात अरबी शब्द इतके आहेत की आपल्या वाचकांना ती पुरती परकी वाटणार नाही. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात, चहाला 'चाय', चपातीला 'चपाती'. दारात आलेल्या माणसाला 'करीबू' म्हणतात, म्हणजे या, जवळ या. आपण 'करीब' म्हणतो तोच हा शब्द.

छावणी की शहर?

जानेवारी १९९१ मध्ये सोमालियातले सियाद बर्रे यांचे सरकार कोसळले. टोळ्याटोळ्यांत लढाई पेटली, मोगादिशू शहर उद्ध्वस्त झाले, पाठोपाठ दुष्काळ आला. लाखो माणसे सरहद्द ओलांडून केनियात शिरली. तोवर केनियात निर्वासित थोडे होते आणि त्यांना गावा-शहरांत राहण्याची मोकळीक होती. एवढा लोंढा आल्यावर सरकारने धोरण बदलले आणि निर्वासितांनी छावणीतच राहावे असे ठरवले. ददाब या ओसाड, उष्ण प्रदेशात इफो, दगाहले आणि हगदेरा अशा तीन छावण्या उभ्या राहिल्या. त्या नव्वद हजार माणसांसाठी होत्या. २०११ च्या दुष्काळात तिथली संख्या साडेचार लाखांच्या वर गेली.

छावणीत शिधा मिळतो, पाणी मिळते, दवाखाना आहे, प्राथमिक शाळा आहे. हे उपकार लहान नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आणि केनियाने ते वर्षानुवर्षे केले आहेत. पण छावणीबाहेर जायला पास लागतो आणि नोकरीचा परवाना मिळणे जवळपास अशक्य असते. शाळेत शिकवणारा किंवा दवाखान्यात राबणारा निर्वासित असेल तर त्याला पगार नव्हे, मानधन मिळते. त्याच कामाचा केनियन माणसाचा पगार त्याच्या कितीतरी पट असतो. छावणीत जन्मलेली मुले तिथेच मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांनाही मुले झाली. सुरुवातीच्या वर्षांत सरपण आणायला बाहेर जाणाऱ्या बायकांवर हल्ले होत. त्या आठवणी अजून निघतात.

अशा वेळी बापाने किंवा आईने काय करावे? अनेकांनी नैरोबीची वाट धरली. अंतर साडेचारशे किलोमीटरहून जास्त, वाटेत पोलिसांचे नाके. कित्येक घरांनी स्वतःची वाटणी करून घेतली. आजी आणि धाकटी मुले छावणीत राहिली, म्हणजे शिधापत्रिका चालू राहते. कमावती माणसे आणि शिकणारी मुले शहरात गेली. आखातात गेलेल्या माणसाचे कुटुंब ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही वाटणी समजावून सांगावी लागणार नाही.

शहरात शिधा नाही, तंबू नाही. भाडे स्वतः भरायचे आणि आजारपण स्वतः निभवायचे. तरीही माणसे गेली, कारण शहरात बाजार होता.

खाटेखालचे दुकान

ईस्टलीत गॅरिसा लॉज नावाचे एक साधे उतारूगृह होते. १९९१ नंतर आलेली सोमाली कुटुंबे तिथल्या खोल्यांत उतरली. जवळ होते-नव्हते ते कपडे, दागिने, किडूकमिडूक त्यांनी खोलीतच विकायला मांडले. पुढे दुबईहून माल येऊ लागला. रात्री खाटेवर झोपायचे, माल खाटेखाली. सकाळी खाट उभी करून ठेवायची आणि तीच खोली दुकान व्हायची. होता होता पाहुणे कमी आणि गिऱ्हाईक जास्त झाले, आणि ते उतारूगृह ईस्टलीतला पहिला मॉल बनले. ते पाहून शेजारी दुसरा झाला, मग तिसरा. आज तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बहुमजली बाजार आहेत. कापडाचे तागे, बुरखे, बूट, मोबाईल, पडदे, सोने असे सगळे तिथे मिळते. माल दुबईहून येतो, चीनहून येतो, तुर्कस्तानातून येतो. युगांडा, टांझानिया आणि काँगोचे व्यापारी खरेदीला येतात.

हे जमले कसे? आपल्या बाजारपेठा पाहिलेल्या माणसाला त्यातले बरेच ओळखीचे वाटेल. पहिले म्हणजे गाळे लहान. एका गाळ्यात जेमतेम दोन माणसे उभी राहतील, त्यामुळे थोड्या भांडवलात धंदा सुरू होतो. दुसरे म्हणजे नफा कमी आणि उलाढाल मोठी. तिसरे, मॉल बांधणारा आपल्या मुंबईतल्या पागडीसारखी एकरकमी रक्कम आधीच गाळेवाल्यांकडून घेतो. म्हणजे इमारत उभी राहते ती बरीचशी तिथे बसणाऱ्यांच्याच पैशातून. आणि चौथे, या सगळ्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट म्हणजे शब्द. नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांनी मिळून भांडवल घालायचे, उधारीवर माल द्यायचा, आणि ज्याने शब्द मोडला त्याला पुन्हा कोणी दारात उभे करायचे नाही.

या बाजाराने स्थानिकांचाही संसार चालवला. गाळ्यांत काम करणारी पोरे, हमाल, वाहनचालक, रस्त्यावर भाजी आणि फळे विकणाऱ्या बाया, यांत कितीतरी बिगरसोमाली आणि बिगरमुस्लिम केनियन आहेत. निर्वासित म्हणजे ओझे असे म्हणणाऱ्याने हा हिशेबही मांडून पाहावा. मात्र भाडी वाढल्याची तिथल्या जुन्या रहिवाशांची तक्रारही खोटी नाही, आणि भरभराटीच्या काळातही ईस्टलीचे मुख्य रस्ते वर्षानुवर्षे चिखल आणि खड्ड्यांतच होते.

भिशी आणि उंटिणीचे दूध

या कहाणीत बायकांचा वाटा मोठा आहे. लढाईत कोणाचा नवरा गेला, कोणाचा मागे राहिला, कोणाचा कामाविना खचला. घर चालवायची जबाबदारी बाईवर आली. ज्यांनी मोगादिशूत कधी दुकानाच्या फळीवर पाय ठेवला नव्हता, त्या नैरोबीत चहा, समोसे, कपडे विकायला बसल्या. समोशाला तिथे 'सांबूसा' म्हणतात.

त्यांचा मोठा आधार म्हणजे 'हगबद'. दहा-पंधरा बायका एकत्र येतात, दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम काढतात आणि जमलेला सगळा पैसा पाळीपाळीने एकीला मिळतो. आपल्या मोहल्ल्यातली भिशीच ही! याच पद्धतीला सोमालियात 'अयूतो' असेही म्हणतात. हा शब्द इटालियन भाषेतला, मदत या अर्थाचा, कारण दक्षिण सोमालियावर एके काळी इटलीचे राज्य होते. बँक निर्वासित बाईला कर्ज देत नाही. तिच्याकडे तारण नाही, धड कागद नाही. भिशीत तारण एकच, तिची अब्रू. त्यात व्याज नाही, म्हणून मनालाही स्वस्थता. पहिल्या पाळीचे पैसे कोणाला द्यायचे, हे पुष्कळदा गरज पाहून ठरते. एखादीचे मूल दवाखान्यात असेल तर बाकीच्या आपली पाळी मागे घेतात.

उंटिणीच्या दुधाचा धंदाही असाच बायकांच्या हातांतला. उत्तरेकडच्या इसिओलो गावाहून रोज दुधाचे कॅन बसवर चढतात आणि अडीचशेहून जास्त किलोमीटर ओलांडून ईस्टलीत उतरतात. तिथे ते दुसऱ्या बायका विकतात. सोमाली माणसाला उंटिणीचे दूध म्हणजे घरची आठवण. कोकणातून मुंबईला आलेल्या माणसाला सोलकढी लागते तसेच ते.

अमानत

आपल्याकडे 'हवाला' म्हटले की वर्तमानपत्रातल्या घोटाळ्यांची आठवण होते. सोमाली घरात हा शब्द चूल पेटण्याशी जोडलेला आहे. सोमालियात वर्षानुवर्षे बँकाच नव्हत्या. लंडनमध्ये टॅक्सी चालवणारा भाऊ पैसे पाठवणार कसे? तो तिथल्या हवाला दुकानात रक्कम भरतो. निरोप ईस्टलीत किंवा मोगादिशूत पोहोचतो. घेणाऱ्याने नाव आणि ओळख पटवली की तिथला माणूस आपल्या गल्ल्यातून रक्कम देतो. दुकानदार आपसातला हिशेब नंतर भागवतात. पुढे यातल्या कित्येक दुकानांच्या परवानाधारक कंपन्या झाल्या. याच पैशातून ईस्टलीत भाडी भरली गेली, गाळे घेतले गेले.

एप्रिल २०१५ मध्ये गॅरिसा विद्यापीठावर अल-शबाबने हल्ला केला. दीडशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक विद्यार्थी. त्यानंतर सरकारने पैसे पाठवणाऱ्या १३ कंपन्यांचे परवाने स्थगित केले. गुन्हेगारांची रसद तोडणे हे सरकारचे कर्तव्यच होते. पण त्या दोन-अडीच महिन्यांत ज्या घरांत महिन्याचे पैसे आले नाहीत त्या घरांत बंदूक नव्हती, म्हातारी माणसे आणि लेकरे होती. जूनमध्ये स्थगिती उठली.

एका कार्डाचा फरक

इथवर वाचून कोणाला वाटेल की चला, मंडळी सुखी झाली. तसे नाही. ईस्टलीतल्या उंच इमारती दिसतात, त्यांतल्या गाळ्यात दिवसभर उभा राहणारा पोऱ्या दिसत नाही. मोठ्या मालमत्तांचे मालक बरेचदा केनियाचे नागरिक असलेले सोमाली असतात. निर्वासित हा त्यांच्याकडे भाडेकरू, नोकर किंवा फेरीवाला. मशीद एक, भाषा एक, जेवणही एकच. फरक खिशातल्या कार्डाचा. नागरिकाचे ओळखपत्र असेल तर गाडी पुढे जाते. निर्वासिताचे कार्ड असेल, किंवा अर्जाची नुसती पावती असेल, तर नाक्यावरचा पोलिस थांबवतो आणि 'कितू किदोगो' मागतो. म्हणजे काहीतरी थोडेसे, आपल्याकडचे चहापाणी. नाही दिले तर रात्र कोठडीत. म्हणून ईस्टलीतले लोक कडवटपणे म्हणत की आम्ही पोलिसांचे एटीएम आहोत.

केनियन सोमालींनाही हे चुकलेले नाही. १९८९ मध्ये सरकारने फक्त सोमाली नागरिकांचीच छाननी केली आणि उत्तीर्ण झालेल्यांना गुलाबी कार्डे दिली. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे दुष्काळाच्या दिवसांत ददाबजवळच्या काही गरीब केनियन कुटुंबांनी शिध्यासाठी छावणीत नाव नोंदवले. मुले मोठी होऊन ओळखपत्र मागायला गेली तेव्हा उत्तर मिळाले की तुम्ही तर निर्वासित. एका वेळच्या भुकेपायी आपल्याच देशात परके होण्याची पाळी आली. पोटासाठी दिलेली एक सही किती लांब पाठलाग करते, ते यातून दिसते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ईस्टलीत एका प्रवासी मटाटू गाडीत स्फोट झाला, माणसे मेली. त्यानंतर जमावाने सोमालींची घरे-दुकाने फोडली. डिसेंबरमध्ये हुकूम निघाला की शहरातल्या सर्व निर्वासितांनी छावणीत जावे. 'कितुओ चा शेरिया' ही कायदेविषयक मदत करणारी संस्था आणि काही निर्वासित हायकोर्टात गेले. जुलै २०१३ मध्ये न्यायमूर्ती डेव्हिड माजंजा यांनी तो हुकूम रद्द केला. सगळ्यांना सरसकट छावणीत हलवल्याने देशाची सुरक्षा कशी वाढेल, हे सरकारला दाखवता आले नव्हते. निर्वासित झाला म्हणून माणसाची प्रतिष्ठा संपत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

पण निकाल कागदावर राहतो आणि भीती रस्त्यावर. सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला, मार्च २०१४ मध्ये ईस्टलीत पुन्हा स्फोट झाले. एप्रिलमध्ये 'उसलामा वॉच' नावाची मोहीम सुरू झाली. उसलामा म्हणजे सुरक्षितता, आपल्या 'सलामती'चाच भाऊ. रात्री-बेरात्री घरांची झडती झाली, हजारो माणसे धरली गेली, कितीतरी जणांना कासारानीच्या क्रीडांगणात कोंडले, शेकडो जणांना विमानाने मोगादिशूला पाठवले. आई-बाप कोठडीत आणि तान्ही मुले घरी, असेही प्रसंग ओढवले. स्फोट करणारे किती सापडले हा प्रश्न वेगळा. ज्यांच्या डोळ्यांदेखत एकदा देश कोसळला होता, त्यांच्या दारावर पुन्हा थाप पडली, एवढे खरे.

सगळेच अंधारलेले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबीहून मंदेराला निघालेल्या बसवर अल-शबाबने हल्ला केला आणि मुस्लिम-ख्रिस्ती वेगळे व्हा म्हणून फर्मावले. मुस्लिम प्रवाशांनी वेगळे व्हायला नकार दिला. बायकांनी आपले हिजाब ख्रिस्ती बहिणींच्या डोक्यावर घातले. त्यात जखमी झालेले शिक्षक सालाह फराह पुढे महिनाभरात वारले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. एका बसमधल्या साध्या प्रवाशांनी त्या दिवशी शेजारधर्म काय असतो ते दाखवून दिले.

२०२१ च्या नव्या कायद्याने निर्वासितांच्या कामाच्या हक्काला काहीशी जागा दिली. मार्च २०२५ मध्ये सरकारने 'शिरिका' योजना जाहीर केली. छावण्यांना हळूहळू वस्त्यांचे रूप द्यायचे, निर्वासित आणि स्थानिक यांनी एकत्र नांदायचे, असा तिचा हेतू. 'शिरिका' हा शब्दही आपल्या 'शरीक'च्या घराण्यातलाच. अंमल कसा होतो ते दिसेलच.

घरात काय चालते

अशा घरांत सर्वांत लवकर मोठी होतात ती मुले. आई सोमाली बोलते, मूल शाळेत स्वाहिली आणि इंग्रजी शिकते. मग दवाखान्यात, कार्यालयात, घरमालकापुढे तेच दुभाष्या होते. आठ-दहा वर्षांच्या मुलीने आईचा आजार डॉक्टरला सांगायचा, म्हणजे जे तिच्या कानी पडू नये तेही पडते.

आणि एक दुखणे आहे ज्याला सोमाली लोक 'बूफिस' म्हणतात. अमेरिका, कॅनडा, युरोप असे कुठल्यातरी दूरच्या देशात आपल्याला बोलावणे येईल, या आशेने माणूस आतून पोखरला जातो. आज नाव लागेल, उद्या मुलाखत होईल. त्या नादात इथली नोकरी, इथले शिक्षण, कधी इथले लग्नही लांबणीवर पडते. शरीर नैरोबीत आणि जीव विमानतळावर. बोलावणे फार थोड्यांना येते. बाजाराची वाट मिळूनही दारात 'करीबू' म्हणणारे कोणी नसेल, तर मन असे भटकत राहते.

आपल्यासाठी

मक्केतले छळलेले मुसलमान मदिनेच्याही आधी हिजरत करून गेले होते ते हबशाला, म्हणजे याच पूर्व आफ्रिकेत. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांनी भेटवस्तू घेऊन माणसे धाडली आणि ही पळून आलेली माणसे परत द्या म्हणून मागणी केली. नजाशीने आधी हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांचे म्हणणे ऐकून घेतले. मग भेटी परत केल्या आणि पाहुण्यांना आपल्या देशात निर्धास्त राहू दिले. त्याने त्यांना आयुष्यभर पोसले नाही. त्याने केलेल्या गोष्टी दोन: आधी ऐकून घेतले आणि परत लोटले नाही. त्यानंतर माणसे आपल्या पायावर उभी राहू शकली.

ईस्टलीची कहाणी ऐकून आपण दूरदेशीच्या लोकांसाठी हळहळतो. पण परके होणे आपल्यालाही ठाऊक आहे. १९९२-९३ नंतर मुंबईतली घरे सोडून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांना विचारा. नाव ऐकताच खोली नाकारली गेल्याचा अनुभव आपल्यातल्या कितीतरी जणांनी घेतला आहे. ज्याने तो घेतला त्याने तरी दुसऱ्याला तो देऊ नये. आपल्या गावात बाहेरून कामाला आलेली माणसे असतात. बिहार-बंगालचे कारागीर, वीटभट्टीवरची कुटुंबे, दुष्काळाने गाव सोडलेले शेतमजूर, कुठल्याही धर्माचे. ते निर्वासित नाहीत, आपल्याच देशाचे आहेत. पण पहिल्या रात्रीची भाकरी आणि दुसऱ्या सकाळची वाट त्यांनाही लागते.

रमजानात आपण जकात काढतो. जकातीच्या आठ हक्कदारांत वाटेवरचा मुसाफिर, इब्नुस्सबील, हाही एक आहे. तो हक्क त्याला मिळावाच. पण त्याखेरीज जे करता येते त्याला पैसाही फारसा लागत नाही. खोली रिकामी असेल तर माणूस पाहून द्यावी, आडनाव पाहून नव्हे. कामाचा मोबदला ठरलेला आणि पूर्ण द्यावा. तो परका आहे, तक्रार कुठे करणार, असा हिशेब मनात आणू नये. त्याच्या मुलाला शाळेत दाखल करताना अर्ज भरायला सोबत जावे. भिशीत नव्या शेजारणीलाही घ्यावे. हातगाडी घ्यायला किंवा शिवणयंत्र घ्यायला कर्जे-हसना द्यावे. खैरातीपेक्षा त्यात माणसाची मान जास्त ताठ राहते. आणि मुलांना सअद आणि अब्दुर्रहमान यांची गोष्ट सांगताना दोन्ही अर्धे सांगावेत. निम्मे धन देऊ करणारा भाऊ, आणि बाजार विचारणारा भाऊ.

अल्लाह तआला जगभरच्या बेघरांना आसरा देवो, त्यांच्या हातांना काम देवो, आणि आपल्याला अन्सारांसारखे मन देवो. आमीन.